दाराबाहेरचे विद्यार्थी आणि आपले ग्रंथालय

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत एक पुष्प गुंफण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे. विषयाची निवड चिटणीसांनी माझ्यावरच सोपविली होती. मराठीचा प्राध्यापक म्हटल्यावर संतकाव्य किंवा फार तर नवकथा अशी त्यांची अपेक्षा असावी. पण या वास्तूशी माझे नाते जडले ते साहित्यामुळे नव्हे. ते एका अडचणीमुळे जडले. ज्याला महाविद्यालयात जाणे परवडत नाही त्याने पदवीपर्यंत पोचावे कसे, ही ती अडचण. आज तिच्याविषयीच बोलावे असे ठरवून मी आलो आहे. शेवटी आपल्या कार्यकारी मंडळापुढे एक विनंतीही ठेवणार आहे. ती ऐकेपर्यंत आपण धीर धरावा.

प्रथम माझी स्वतःची हकीकत थोडक्यात सांगतो. मी १९८५ साली इंटर उत्तीर्ण झालो. माझे वडील सुलतान बाजारातील एका छापखान्यात खिळे जुळवीत असत. त्याच वर्षी त्यांची नजर अधू झाली आणि त्यांचे काम सुटले. घरात मी थोरला. महाविद्यालयाचे शुल्क त्या काळी फार नव्हते, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ते कसेबसे भरताही आले असते. परंतु मी दिवसभर वर्गात बसलो असतो तर घरात येणारा पगार कोणी आणला असता? उच्च शिक्षणाच्या खर्चाचा विचार करताना आपण शुल्क, पुस्तके आणि वसतिगृह यांची बेरीज करतो. गरिबाच्या घरी या बेरजेत आणखी एक रक्कम असते. ती म्हणजे बुडालेली मजुरी. बहुतेक वेळा तीच सर्वांत मोठी असते, आणि कोणत्याही माहितीपत्रकात ती छापलेली नसते.

मी एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहू लागलो आणि मराठवाड्यातील विद्यापीठाकडे बहिःस्थ विद्यार्थी म्हणून नाव नोंदविले. पेढी सहाला सुटे. कोठीवरून चालत मी साडेसहाला या ग्रंथालयात येत असे, तो नऊला दिवे मालवेपर्यंत बसत असे. दरवर्षी परीक्षेच्या दिवसांत काचीगुड्याहून रात्रीच्या मीटरगेज गाडीने नांदेडला जावयाचे, ओळखीच्या एकाकडे पथारी टाकावयाची, गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवावयाचे आणि पेपर द्यावयाचे. परीक्षा शुल्क, प्रवास व पुस्तके मिळून वर्षाचा सारा खर्च माझ्या एका महिन्याच्या पगारात भागत असे. पुस्तकांपैकी निम्मी अबिड्सच्या रविवारच्या जुन्या बाजारातली असत. उरलेली येथली. त्या वेळच्या ग्रंथपालांना आम्ही सारे काका म्हणत असू. अभ्यासक्रमाची पुस्तके ते कपाटात न ठेवता आपल्या टेबलाच्या खणात ठेवीत आणि आम्ही आलो की न बोलता काढून देत. नियमात ते बसत होते की नाही, मला ठाऊक नाही.

आम्ही म्हणालो, कारण मी एकटा नव्हतो. आम्ही चौघे होतो. एक टपाल खात्यात होता, एक छापखान्यात, आणि एक भगिनी परिचारिका होत्या. खिडकीजवळच्या लांब टेबलाच्या टोकाला आम्ही बसत असू. चौघांपैकी तिघे पदवीधर झाले. छापखान्यातला मित्र दुसऱ्या वर्षी इंग्रजीत नापास झाला. त्याच सुमारास त्याची पाळी रात्रीची झाली आणि त्याचे ग्रंथालयात येणे थांबले. पुस्तके त्याच्याकडे होती, शुल्कही त्याने भरले होते. तरीही तो पुन्हा परीक्षेस बसला नाही. बुद्धीने तो आमच्यात उजवा होता. आम्ही तिघांनी त्याच्या घरी एकदाही फेरी मारली नाही, याची टोचणी मला अजून आहे. आज मी जे सांगणार आहे त्याचे सार एवढेच आहे की, कमी खर्चाची वाट बहुधा एकट्याची असते. शुल्क कमी करणे सरकारच्या आणि विद्यापीठांच्या हाती आहे. हा एकटेपणा कमी करणे मात्र आपल्यासारख्या संस्थांच्या हाती आहे.

गरीब विद्यार्थ्याने शिकावे कसे, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. त्याची उत्तरे प्रत्येक पिढीने आपापल्या परीने शोधली. माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्या पिढीच्या कथा आपण आजोबांकडून ऐकल्या आहेत. सात घरी सात वार जेवावयाचे आणि राहावयाचे कोणाच्या तरी पडवीत, अशी ती पद्धत. तिच्यात माया होती, पण मिंधेपणाही होता. शिवाय ती दारे काही जातींच्या मुलांनाच उघडी होती, हे विसरून चालणार नाही. ज्यांना ती उघडी नव्हती त्यांच्यासाठी वेगळी योजना करावी लागली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आधार दिला, त्यामागे हाच विचार होता. शहरात मुलाला डोके टेकण्यास जागा मिळाली की निम्मे शिक्षण झाले, हे त्यांनी ओळखले होते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यास निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालविले. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना तेथे महाविद्यालयीन शिक्षणात रुजली. विद्यार्थ्याने शेतात, बांधकामावर अथवा संस्थेच्या अन्य कामात श्रम करावयाचे आणि त्या श्रमांवर शिकावयाचे. दानाच्या भाकरीने येणारा मिंधेपणा त्यात नव्हता. मघाशी मी बुडालेल्या मजुरीचा उल्लेख केला. ती मजुरी बुडू न देता शिक्षण देण्याचा हा मार्ग होता.

दुसरा मार्ग मुंबईत निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. वर्ग आटोपून मुलाने कचेरीत जावे, अशी ती सोय. ज्यांना स्वतःला १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीमुळे अमेरिकेत शिकता आले, त्यांनी पुढच्यांसाठी घड्याळाचे काटे फिरविले. महाविद्यालयाची वेळ ही काही निसर्गनियमाने ठरलेली नसते, एवढी साधी गोष्ट लक्षात यावयास आपल्याला इतकी वर्षे लागली.

तिसरा मार्ग परीक्षेचा. १८५८ साली लंडन विद्यापीठाने कोणत्याही महाविद्यालयात न शिकलेल्या उमेदवारासही परीक्षेची मुभा दिली. आपल्याकडे बहिःस्थ विद्यार्थी म्हणतात तो याच कल्पनेचा वंशज. परंतु नुसत्या परीक्षेने शिकविण्याची सोय होत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. आपल्या उस्मानिया विद्यापीठात पत्रद्वारा अभ्यासक्रमांची संस्था १९७७ साली निघाली. इंग्लंडमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली होती. त्या कल्पनेचे भारतातील पहिले रूप कोठे उभे राहिले? आपल्याच राज्यात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि उस्मानियाचे कुलगुरुपद भूषविलेले प्रा. जी. राम रेड्डी त्याचे पहिले कुलगुरू झाले. १९९१ साली त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यात आले आणि ते आजही याच शहरात आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ सालचे. त्याचेही पहिले कुलगुरू राम रेड्डीच होते. महाराष्ट्रात १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले आणि डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. देशाला मुक्त शिक्षणाची वाट दाखविणाऱ्या शहरात आपण राहतो. आपल्या मराठी घरांपैकी कितीजणांना हे ठाऊक आहे, असा प्रश्न मला कधी कधी पडतो.

एवढ्यावरून आडवाटेने आलेला विद्यार्थी कमी प्रतीचा, असा समज कोणाचा असेल तर मी एकच नाव घेतो. नरहर कुरुंदकर याच शहरातील सिटी कॉलेजचे विद्यार्थी. इंटरच्या परीक्षेत त्यांना अपयश आले. पुढे नांदेडला शाळेत शिक्षक म्हणून नोकरी करता करता त्यांनी पदव्या मिळविल्या, पीपल्स कॉलेजात अध्यापक झाले आणि तेथेच प्राचार्यही झाले. त्यांची विद्वत्ता पदवीच्या आधीची होती, हे त्यांच्या वाचकांस सांगावयास नको. मात्र त्यातून पदवी निरर्थक असते असा अर्थ कोणी काढू नये. महाविद्यालयात शिकविण्याचे दार त्यांच्यासाठीसुद्धा पदवीनेच उघडले.

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. गेल्या काही वर्षांत ही आडवाट पुष्कळ रुंद झाली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केले की, मान्यताप्राप्त संस्थेने मुक्त, दूरस्थ अथवा ऑनलाइन पद्धतीने दिलेली पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष मानली जाईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पदवी अभ्यासक्रमातून मध्येच बाहेर पडण्याची आणि पुन्हा परतण्याची तरतूद आहे. एक वर्ष पूर्ण केल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. मिळविलेले श्रेयांक पेढीतल्या ठेवीसारखे जमा राहावेत म्हणून २०२१ पासून श्रेयांक पेढीची व्यवस्था झाली आहे. जेथे ही रचना नीट लागू झाली आहे तेथे घरच्या अडचणीने मध्येच थांबलेल्या मुलाची दोन वर्षे वाया जाणार नाहीत. माझ्या छापखान्यातल्या मित्राच्या वेळी ही सोय नव्हती.

२०१७ साली केंद्र सरकारने ‘स्वयम्’ हे शिक्षणपीठ सुरू केले. त्यावरील पाठ कोणालाही विनामूल्य ऐकता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेपुरते शुल्क भरावे लागते. महाविद्यालयाने मान्य केल्यास एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने पुरे करता येतात. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची पाठ्यपुस्तके ‘ई-ज्ञानकोश’ या संग्रहात कोणासही फुकट वाचता येतात. त्या विद्यापीठाचा विद्यार्थी नसलेल्यानेही ती वाचावीत, इतकी त्यांतली काही चांगली आहेत. ज्यांची शाळाच अर्धवट राहिली त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी व बारावी करता येते. आणि सर्वांत आधी सांगावयास हवी होती ती गोष्ट आता सांगतो. नियमित सरकारी महाविद्यालय जवळ असेल, शिष्यवृत्ती मिळत असेल आणि घर कसेबसे चालत असेल, तर मुलाला तेथेच घालावे. आडवाट ही सरळ वाट बंद असलेल्यासाठी आहे. आळसासाठी ती घेऊ नये. तिच्यावर चालावयास अधिक बळ लागते.

या वाटेवरचे खाचखळगे सांगितल्याशिवाय मी पुढे गेलो तर तो अप्रामाणिकपणा होईल. येथे मला माझी एक चूक आपणांपुढे कबूल करावयाची आहे.

वीसेक वर्षांपूर्वी आपल्यातल्याच एका कुटुंबातील मुलगा माझ्याकडे आला. वडील निवर्तले होते आणि तो एका दुकानात काम करीत होता. शिकावे की नाही, असे त्याने विचारले. मी घाईत होतो. ‘अरे, बाहेरून कर. मीसुद्धा बाहेरूनच केले,’ असे सांगून मी वर्गावर गेलो. कोठून कर, कसे कर, काय पाहून प्रवेश घे, यातले काहीही मी सांगितले नाही. तो एका तथाकथित अभ्यासकेंद्रात गेला. तेथे त्याला तीन वर्षांची पदवी एका वर्षात देण्याचे आश्वासन मिळाले. त्याने आईची पाटली मोडून पैसे भरले. गुणपत्रिका आल्या, पदवीचा कागदही आला. पुढे एका नोकरीसाठी कागदपत्रांची पडताळणी झाली तेव्हा त्या पदवीला मान्यताच नसल्याचे उघड झाले. त्यानंतर तो पुन्हा माझ्याकडे आला. त्याने एका शब्दानेही मला दोष दिला नाही. ‘सर, तुम्ही सांगितले होते म्हणून विचारायला आलो, आता काय करू?’ एवढेच तो म्हणाला. पुढे त्याने पहिल्यापासून सुरुवात करून पदवी मिळविली. परंतु ती वर्षे आणि ती पाटली मला परत देता आली नाही. त्या दिवसापासून कोणीही विचारावयास आले की मी त्याला बसवून घेतो आणि कागद स्वतः पाहतो.

म्हणून पालकांसाठी चार गोष्टी सांगतो. त्या रुक्ष आहेत, पण त्यांनी घर वाचते. पहिली गोष्ट अशी की, प्रवेशापूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची त्या वर्षाची यादी पाहावी. संस्थेला मान्यता आहे एवढे पुरेसे नाही. तो विशिष्ट अभ्यासक्रम त्या विशिष्ट वर्षी यादीत असला पाहिजे. २०२४ पासून प्रवेशार्थीला त्या विभागाकडून स्वतःचा ओळखक्रमांक घ्यावा लागतो. एखादा दलाल ‘त्याची गरज नाही’ म्हणाला तर तेथूनच उठावे. दुसरी गोष्ट, अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुशास्त्र, विधी यांच्या पदव्या दूरस्थ पद्धतीने मिळत नाहीत. मिळतात असे कोणी म्हणाल्यास विश्वास ठेवू नये. काही अभिमत विद्यापीठांनी मान्यतेवाचून दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या पदव्या निलंबित केल्या आणि त्यांना नव्याने परीक्षेस बसावयास लावले. बारा-पंधरा वर्षे नोकरी केलेल्या माणसांवर तो प्रसंग आला. तिसरी गोष्ट, राज्याच्या मुक्त विद्यापीठाचे कार्यक्षेत्र त्या राज्यापुरते असते. शेजारच्या राज्यातील विद्यापीठाचे केंद्र आपल्या गल्लीत उघडलेले दिसले तर आधी चौकशी करावी. चौथी गोष्ट, तीन वर्षांची पदवी एका वर्षात देतो असे म्हणणारा कागद विकत असतो.

यापुढचा खाचखळगा अधिक अवघड आहे, कारण तेथे फसविणारा कोणी नसतो. विद्यार्थी खऱ्या विद्यापीठात नाव घालतो, खरे शुल्क भरतो, पुस्तकांचे पुडके घरी येते, आणि ते तसेच कपाटावर राहते. माझ्या पाहण्यात आलेल्या दूरस्थ विद्यार्थ्यांपैकी जे गळाले त्यांतील बहुतेक असेच गळाले. एका खोलीच्या घरात दूरचित्रवाणी चालू असते, धाकटी भावंडे असतात, पाहुणे असतात. मुलगी पुस्तक उघडते आणि आई तिला पोळ्या लाटावयास हाक मारते. आईचा त्यात दोष नाही. मुलगी घरात रिकामी बसली आहे, असे तिला दिसते. महाविद्यालयात जाणारी मुलगी दाराबाहेर पडते, म्हणून ती शिकते आहे हे घर मान्य करते. घरात बसून शिकणारीचे शिक्षण कोणाला दिसतच नाही. हाती भ्रमणध्वनी असल्याने सगळे ज्ञान मिळते, असे आपण म्हणतो. त्यात पाठ असतो हे खरे. परंतु ‘काल का आला नाहीस?’ असे विचारणारे त्यात कोणी नसते.

गेल्या वर्षी आपल्या ग्रंथालयाच्या एका सभासद वहिनींनी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठाची पदवी मिळविली. लग्नामुळे त्यांचे शिक्षण सुटले होते. मी त्यांना विचारले, ‘वहिनी, अभ्यास केव्हा केलात?’ त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, घरी एक ओळसुद्धा वाचली नाही. दुपारी दोन ते चार येथे येऊन बसत होते. सासूबाईंना सांगितले होते की ग्रंथालयात जाते. अभ्यासाला जाते म्हटले असते तर हसल्या असत्या.’ ज्या टेबलाशी त्या बसत, ते टेबल आमच्या चौघांचेच होते. त्यांना हे ठाऊक नव्हते, आणि मीही त्या वेळी बोललो नाही. आज बोलतो आहे.

आता विनंतीकडे येतो. आपल्या मागच्या सर्वसाधारण सभेत एक सूचना झाली होती. अभ्यासिकेची खोली समारंभांसाठी भाड्याने द्यावी आणि त्या उत्पन्नातून इमारतीची दुरुस्ती करावी, अशी ती सूचना. सूचना करणाऱ्यांचा हेतू मला मान्य आहे. गळके छत मीही पाहिले आहे. वाचकांची संख्या रोडावली आहे आणि देणग्यांवर किती दिवस चालणार, हा प्रश्न खरा आहे. वर्गणीत वीज-देयकही निघत नाही, हे खजिनदारांनी मला आकडे दाखवून पटविले. हिशेब लिहिण्यात उमेदवारीची वर्षे घालविलेला मी माणूस आहे, आकड्यांना उडवून लावणार नाही. तरीही माझे म्हणणे असे आहे की, ती खोली संध्याकाळी भाड्याने गेली तर या शहरातील मराठी मुलांचे एक महाविद्यालय बंद होईल. त्याला पाटी नाही, म्हणून ते बंद झाल्याचे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

ती खोली सोमवार ते शनिवार दुपारी दोनपासून रात्री नऊपर्यंत विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावी. रविवारी सकाळी समारंभांना द्यावी, त्यास माझी हरकत नाही. अभ्यासिकेत बसण्यासाठी सभासदत्वाची अट असू नये. मुलाचे नाव वहीत लिहिलेले असले म्हणजे पुरे. एका कपाटात मुक्त विद्यापीठांची पाठ्यपुस्तके ठेवावीत. पदवी घेतलेले विद्यार्थी ती रद्दीत घालतात, ती मागून घेतली तर खर्चही येणार नाही. आपल्या सभासदांत निवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, अभियंते पुष्कळ आहेत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. शिकविलेच पाहिजे असे नाही. मुलांचे प्रवेशाचे कागद पाहावेत, अर्जाची मुदत सांगावी, आणि जो दोन आठवडे आला नाही त्याच्या घरी निरोप धाडावा. हे शेवटचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आठवड्यातील एक संध्याकाळ मी स्वतः आजपासून देत आहे. चिटणीसांनी माझे नाव वहीत पहिले लिहावे.

छताचे काय, असे खजिनदार विचारतील. त्यासाठी येथून शिकून गेलेल्यांची एक यादी करावी. शंभर वर्षांत ती लहान असणार नाही. त्यांतले कोणी सरकारी नोकरीत आहेत, कोणी परदेशी आहेत. त्यांना पत्र लिहावे आणि मोकळेपणाने सांगावे की, ज्या दिव्याखाली आपण वाचलेत तो दिवा आता गळक्या छताखाली आहे. मला वाटते, ते पैसे देतील. न दिले तर भाड्याचा विचार पुन्हा करू, आणि तेव्हा मी विरोध करणार नाही. पण आधी त्यांना विचारू तर खरे.

ज्या संस्थापकांनी हे ग्रंथालय काढले त्यांचा काळ वेगळा होता. परभाषेच्या राज्यात आपली भाषा टिकावी, एवढाच त्यांचा हेतू असावा. मराठी पुस्तकांच्या शेजारी बसून मुले इतिहास, वाणिज्य आणि संगणक शिकतील, असे त्यांच्या मनात आले नसेल. पण माझा अनुभव असा की, अभ्यासासाठी आलेला मुलगा कंटाळला की उठून कपाटाशी जातो आणि हाताला येईल ते मराठी पुस्तक चाळतो. मीही तसाच वाचक झालो आणि पुढे मराठीचा प्राध्यापक झालो. संस्थापकांचे काम त्या कंटाळ्यातूनही होत असते.

काकांना जाऊन बरीच वर्षे झाली. ते टेबल अजून खिडकीजवळ आहे. त्याचा एक पाय डगमगतो, तेवढा दुरुस्त करून घ्यावा. त्याचा खर्च मी देईन.